शेऱ्याचा रकाना

सेनगाव. पाणीपुरवठ्याच्या मागच्या खोलीत
कूलर नुसताच फिरतो, टाकी कोरडी.
मी हातपंपांचा तक्ता बांधतोय:
सगळ्यात खाली हापसा, त्यावर गाव,
गावांवर मंडळ, मंडळांवर तालुका.
जिल्ह्याला जातो तो कागद मंडळापर्यंतच उघडा.
त्याच्या खालचं वजाच्या चिन्हाआड.

पहिल्या खेपेला मी सगळंच बेरजेत टाकलं होतं,
खोलीसुद्धा.
शेवटच्या ओळीत आलं एकोणचाळीस हजार सहाशे फूट.
फुलारी साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला,
"काय वो दुधमल, तालुक्याचं पाणी
पाताळाच्या बी खाली गेलं का?"
अख्खं ऑफिस हसलं. मीही.

मग त्यांनीच शिकवलं, चहा बशीत ओतत:
हापशे मोज, हापशांची बेरीज होती.
खोलीची सरासरी घे, ती बी मंडळापर्यंत, वर कोरं सोड.
टक्क्यावर टक्के चढवू नको.
बसवल्याचं साल तर मिळवूच नको बाबा,
शहाऐंशीचा एक, चौऱ्याण्णवचा एक,
दोघं मिळून इसवी सन एकोणचाळीसशे ऐंशी.

आणि शेरा?
शेऱ्याची काय बेरीज करणार.

शेरा सटवाजी भिसे लिहितो,
मोटारसायकलला पान्ह्यांची पिशवी, खिशात पेन्सिल.
साखळी तुटली.
वायसर नाही, पायताणाचं कातडं घातलं.
गढूळ, लुगड्याने गाळतात.
शाळेची पोरं लोंबकळतात, दांडा वाकला.
एका ठिकाणी नुसतं: गोड आहे.
मी हे सगळं टाईप करतो, शुद्धलेखन न सुधारता,
आणि गाव मिटलं की ते दिसेनासं होतं.

सूत्र मी लिहिलं:
खाली एकच ओळ असेल तर तिचा शेरा जसाच्या तसा वर दाखव,
एकाहून जास्त असतील तर रकाना कोरा.
सोय म्हणून लिहिलं. एका हापशाच्या तांड्यांसाठी,
जिथं हापसा आणि गाव यात फरक नसतो.
मंडळाच्या पातळीवर तर सगळं कोरंच,
पांढरं, स्वच्छ.
साहेबांना आवडलं.

चैत्रापासून ओळी कमी होऊ लागल्या.
आटलेला हापसा म्हणजे कायम बंद,
आणि कायम बंद ते गाळणीत अडकतं.
हा नियम वरून आलेला, माझा नाही.
म्हणून मे महिन्यात
चालू हापशांची टक्केवारी शंभर झाली.
मी तीनदा तपासली.
बरोबर होती, गणित म्हणून.

एकवीस तारखेला, छपाईच्या आधी,
वजावर टिचक्या मारत मी वर वर आलो.
एकेक गाव मिटत गेलं.
आणि खडकदरा मंडळाच्या ओळीत,
वर्षभर जिथं काहीच नव्हतं,
तिथं सटवाजीचं अक्षर उभं:
दांडा जड. दोघी लागतात. रात्री पण चालू.

मला वाटलं सूत्र बिघडलं.
अधिकवर टिचकी मारली. एक गाव.
त्या गावावर मारली. एक हापसा.
सरासरी खोली एकशे ऐंशी.
सरासरी तरी कुणाची, एकट्याचीच.

"हे वर कसं आलं?" फुलारी साहेब.
"खाली दुसरं काई राहिलं नाई, सर."

ते कागद धरून बसले बराच वेळ.
पंख्याने कोपरा उडत होता, त्यावर त्यांनी अंगठा ठेवला.
बाहेर टँकरचा ड्रायव्हर
सही घ्यायला उभा होता, त्याला थांब म्हणाले.

"लपवू का रकाना?" मी विचारलं.
दोन टिचक्यांचं काम होतं.

"रुंद कर," म्हणाले,
"शेवटचा शब्द तुटायलाय."